पुण्याच्या कडेकडेने

गुरुवार

चांदणी चौक ओलांडला की पुणं संपलं, असा एक काळ होता. तिथला जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 च्या मध्यरात्रीनंतर स्फोटकं लावून पाडला. आता त्या जागी इतके पूल आणि रॅम्प झालेत की पौडकडे जाणारा रस्ता कुठला, ते ड्रायव्हरवर सोडून गप्प बसावं. पुढे भूगाव, भुकूम, पिरंगुट. पूर्वी या गावांच्या मधे भातखाचरं असायची, आता मधे असतात ते फलक. 'निसर्गाच्या कुशीत', 'डोंगरांच्या सान्निध्यात', 'नदीकाठी तुमचं हक्काचं घर'. एका फलकावर तर चक्क गाय होती. त्या सोसायटीत गाय बांधायला परवानगी मिळेल का, हे विचारायला फलकावर फोन नंबरही होता. मी केला नाही.

मी सोलापूरची, म्हणजे सासरने. आई मावळातली आणि तिची धाकटी बहीण मुळशी तालुक्यात दिलेली. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला आले आणि तिथून पीएमपीची बस धरली. मावशीच्या गावाचं नाव लिहीत नाही. जमिनीचे एजंटही वाचतात, आणि त्यांचा ताप आधीच काही कमी नाही. पिरंगुटच्या पुढे, मुळेच्या खोऱ्यात, एवढं पुरे.

येण्याचं निमित्त दादाच्या, म्हणजे मावशीच्या मुलाच्या, फोनचं. "आत्या वाटणी मागतीये. मंगळवारी येणार आहे. तुझं तिच्याशी जमतं, तू असलीस तर बरं." आत्या म्हणजे काकांची, मावशीच्या नवऱ्याची, थोरली बहीण. तिचं माझ्याशी जमतं याचा अर्थ इतकाच, की ती बोलत असताना मी मधे तोंड घालत नाही.

काकांचं घराणं गुरं राखणारं. त्यांच्या आजोबांच्या वेळी साठेक जनावरं होती, ती गायरानात आणि डोंगराला चरायची आणि तूप डोक्यावरून पुण्याच्या पेठांत जायचं. आज गोठ्यात चौदा म्हशी आणि सहा गाई आहेत. शिवाय एक खिल्लार बैलजोडी, जिचा औताशी आता फारसा संबंध उरलेला नाही. शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने 2023 च्या मे महिन्यात पक्की मोकळीक दिली त्यानंतर ही जोडी आणली. ती घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावेवर, अजून एकदाही पहिली आलेली नाही आणि यावर घरात बोलायचं नसतं. जमीन अकरा एकर होती. रिंगरोडमध्ये सत्तावीस गुंठे गेले, उरलेली आहे. पुण्याभोवती सुमारे 170 किलोमीटरचा आणि 110 मीटर रुंदीचा हा रस्ता होतोय. तो मुळशी तालुक्यातून जाताना कुणाचं घर, कुणाची विहीर, कुणाचं अर्धं खाचर घेऊन जातोय. काकांनी सुरुवातीला हरकत घेतली, सुनावण्यांना गेले, मग मोबदला घेतला. त्या पैशाचं काय केलं ते गोठ्यात गेल्यावर दिसतं. नवी पत्र्याची शेड, मुरघासाचे म्हणजे मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याचे दोन हौद आणि पाच मुऱ्हा म्हशी. त्याच रस्त्यात गेलेल्या दुसऱ्या एका घराच्या पैशाचं काय झालं तेही दिसतं. ती गाडी त्यांच्या दारात ताडपत्री घालून उभी आहे.

शुक्रवार

पहाटे चारला वहिनींनी उठवलं. म्हणजे मीच सांगितलं होतं उठवा म्हणून.

गाईंना धार काढायचं यंत्र आहे, म्हशींना वहिनी आहेत. त्यातली एक पंढरपुरी, शिंगं पाठीवरून थेट खुब्यापर्यंत गेलेली. वहिनींखेरीज कुणी जवळ बसलं तर ती पान्हाच सोडत नाही. आधी पुढ्यात आंबोण ठेवायचं. मग कोमट पाण्याने कास धुवायची, फडक्याने पुसायची, रेडकू एकदा लावून सोडवायचं. पहिल्या चार धारा जमिनीवर. त्यानंतर चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज आधी पत्र्यावरचा असतो, हळूहळू फेसातला होतो. वहिनींना त्या आवाजावरून कळतं दूध किती झालं ते. एका हाताने काढता काढता दुसऱ्या हाताने त्यांनी मला लांब सरकायची खूण केली, कारण म्हैस माझ्याकडे बघत होती.

साडेपाचला दादा छोट्या टेम्पोत कॅन चढवून निघतो. म्हशीचं दूध बावधन आणि कोथरूडला रतिबाने जातं, ठरलेल्या घरी, ठरलेल्या भावाने. गाईचं जातं गावातल्या संकलन केंद्रावर. तिथे साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन पदार्थ, धरून भाव लागतो आणि त्याच्या खाली गेलं की कापला जातो. 2024 मध्ये गाईच्या दुधाचा भाव इतका पडला की सरकारला लिटरमागे आधी 5 आणि मग 7 रुपये अनुदान द्यावं लागलं. काका म्हणतात, नुसत्या गाई असत्या तर आपण केव्हाच उठलो असतो. रतीब आहे म्हणून चाललंय. म्हणजे ज्या शहराच्या भीतीने झोप लागत नाही, त्याच शहराला पहाटे उठून दूध घालायचं, आणि त्या पैशात शहराला लांब ठेवायचं. हे गणित मला आधी कुणी समजावलं नव्हतं.

न्याहारीला भाकरी आणि खर्वस होता. काका वैरणीचा हिशेब घालायला बसले.

"मोठ्या जनावराला दिवसाला वीस-पंचवीस किलो हिरवं लागतं, वर पाच-सहा किलो वाळलेलं. वीस जनावरं. कर हिशोब. हे इकत आणलं तर दुधाच्या पैशात बसतच न्हाय. म्हंजे रान पायजेच. नेपियर गवत पायजे, मका पायजे. लोकं म्हंत्यात, रान कशाला धरून बसलाय? मी म्हंतो, रान मी न्हाय धरलं, म्हशींनी धरलंय."

मग त्यांनी अंगणातूनच बोट दाखवत एकेक शिवार मोजलं. हे अमक्याचं, ते तमक्याचं. सगळीकडे क्रम एकच. आधी पोरगं म्हणतं धार काढणार नाही. मग म्हशी चाकणच्या शनिवारच्या बाजाराला जातात. वैरण लावायचं कारण उरत नाही, रान पडीक पडतं. पडीक रानाला घरात कुणी रान म्हणत नाही, त्याला 'जागा' म्हणायला लागतात. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत कुंपण पडतं ते दुसऱ्याच्या नावाने. गोठा रिकामा झाला की जमीन गेलीच म्हणून समजायचं, मधला काळ फक्त भाव ठरवण्याचा. मी आजवर असं समजत होते की लोक पैशाच्या मोहाने जमिनी विकतात. मोह असतोच, पण तो बराच नंतर येतो.

अकराच्या सुमारास एजंट आलाच. पांढरी गाडी, पांढरा शर्ट, हातात दोन मोबाइल. "काका, पार्टी मुंबईची आहे. सगळं व्हाइटमध्ये. टोकन आज देतो." मावशीने पाणी दिलं, चहा दिला नाही. इथे एजंटला चहा द्यायचा नाही असा नियम आहे, कारण चहाबरोबर तो बसतो.

मावशी म्हणाली, "द्यायची की. पण वीस जनावरांसकट घ्या. पहाटं चारला उठायला माणूस तुमचा."

तो हसला. मग काकांनी आतून सातबारा आणला आणि त्याच्या हातात दिला. भोगवटादाराच्या रकान्यात सात नावं आहेत. काका, त्यांच्या दोन बहिणी, वारलेल्या धाकट्या भावाची बायको आणि तिची तीन मुलं. त्याने नावं वाचली, एकदा गोठ्याकडे पाहिलं आणि निघाला.

हा सातबारा म्हणजे या घराची खरी तटबंदी. बाकी गावात काय होतं? बाप गेला की दिवस-पाणी उरकून भाऊ बहिणींना तालुक्याला नेतात, हक्कसोडपत्रावर सह्या घेतात आणि येताना दुकानात थांबून साडी घेतात. मुलींना वडिलार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला, देशभर 2005 मध्ये झाला, पण साडीचा रिवाज काही मोडला नाही. काकांनी सह्या घेतल्या नाहीत. ते काही सुधारक वगैरे नाहीत, घरात पाण्याचा तांब्या अजून हातात लागतो. त्यांचा विचार वेगळाच आहे. "एकाच्या नावावर आसंल तर त्याला ढाब्यावर नेऊन सही घेता येती. सात जणांस्नी कोण नेणार?"

दुपारी पाणंद बघायला गेलो. गोठ्यापासून वरच्या रानाला जाणारी ही जनावरांची वाट. तीन वर्षांपूर्वी मधल्या एका फार्महाऊसवाल्याने तिच्यावर लोखंडी गेट बसवलं आणि कुलूप लावलं. काकांनी भांडण केलं नाही, अर्ज केला. शेतरस्त्याचा अडथळा काढायला मामलेदार न्यायालय अधिनियमाचं कलम 5 आहे, कायदा 1906 चा. तहसीलदारांसमोर तारखा झाल्या, स्थळपाहणी झाली, जुन्या नकाशात वाट तुटक रेघेने दाखवलेली निघाली. गेट काढावं लागलं. आता त्याची तक्रार अशी आहे की त्याच्या काँक्रीटवर शेण पडतं. ते पडतंच. आम्ही जातानाही पडलं.

शनिवार

दादाने रतीब उरकून मोटारसायकल काढली आणि मला मुळशी धरणाकडे घेऊन गेला. पौड सोडलं की रस्ता जरा श्वास घेतो. खाचरांतून इंद्रायणीची कापणी उरकत आली होती, झोडणी चालू होती, पेंढ्याचे ढीग रस्त्याला लागलेले. इंद्रायणी हा वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातला, आणि या पट्ट्यात आता तोच मुख्य. आंबेमोहोर घरापुरता.

धरणाचं पाणी काठोकाठ होतं. शनिवारची गर्दी, कणसं, सेल्फी. दादाने गाडी पुढे नेली आणि जिथे दुकानं संपतात तिथे थांबवली. त्याच्या पणजीचं माहेर या पाण्याखाली आहे. नेमकं कुठे ते घरात कुणालाच सांगता येत नाही, पणजी नुसता हात करायची.

मुळा आणि नीला या नद्यांच्या संगमापाशी टाटा कंपनीने हे धरण बांधायला घेतलं ते मुंबईला वीज द्यायला. खोऱ्यातली पन्नासच्या वर गावं जायची होती. जमिनी रीतसर ताब्यात यायच्या आधीच शेतांतून चर खणले गेले आणि तिथून ठिणगी पडली. 16 एप्रिल 1921, रामनवमी. त्या दिवशी मावळे मंडळी धरणाच्या कामावर जाऊन बसली आणि काम बंद पडलं. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' हे नाव याच लढ्यात मिळालं. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. सरकारने 1894 चा भूसंपादन कायदा वापरला, सत्याग्रही तुरुंगात जात राहिले, बायकाही गेल्या. 1924 पर्यंत लढा रेटला. शेवटी बांधकामाची रेल्वे अडवली म्हणून बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण झालं. पाणी पश्चिमेला सह्याद्रीच्या खाली सोडलं, भिऱ्याला 1927 मध्ये वीज सुरू झाली आणि ते पाणी पुढे कुंडलिकेतून कोकणात जातं. मुळेचं पाणी, पण मुळेच्या वाट्याला नाही.

या लढ्यातली एक गोष्ट शाळेच्या पुस्तकात नसते. खोऱ्यातल्या पुष्कळ जमिनी पुण्यातल्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या. कसणारा शेतात आडवा पडलेला, आणि कागदावर ज्याचं नाव तो पुण्यात बसून मोबदला किती मिळेल ते पाहतोय. लढा फुटायला हेही कारण झालं. दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आता सावकार न्हायत, आता कुलमुखत्यारपत्र हाय." एवढंच बोलून त्याने कणीस सोलायला घेतलं.

पुण्यात सेनापती बापट रस्ता आहे. तिथला एक गुंठा कितीला जातो हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

परतताना एका झोडलेल्या खाचरात धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड, उतरलेला दिसला. दिवाळीनंतर ही मंडळी माणदेश, बारामती, पुरंदरच्या अंगाने निघतात आणि घाट उतरून कोकणात जातात, पाऊसकाळाच्या तोंडाला परत. तीनेकशे मेंढरं असतील, बहुतेक दख्खनी, काळी आणि आखूड लोकरीची. मेंढरांभोवती जाळीची वाघर लावलेली, घोडी बाजूला चरायला सोडलेली, तिच्या पाठीवरून उतरवलेला संसार तीन दगडांच्या चुलीभोवती. एक बाई पातेल्याच्या झाकणावर तान्ही कोकरं मोजत होती. म्हणजे कोकरं टोपल्याखाली होती, आणि ती प्रत्येकासाठी झाकणावर एक खडा ठेवत होती. संध्याकाळी आया परतल्या की कोकरू आणि आई यांची जोडी लावून द्यायची असते, त्यात एकही चुकून चालत नाही.

शेतकऱ्याने त्यांना खत पडावं म्हणून बसवलं होतं, रात्रीचे पैसे आणि थोडे तांदूळ ठरले होते. दादाने विचारलं, आपल्या रानात येता का? तिने विचारलं, वाट आहे का? पाणंदीचं गेट निघालंय हे ऐकल्यावर ती म्हणाली, मग येऊ, सोमवारनंतर. वाट आधी विचारायची, भाव मग. पूर्वी गायरानावर मुक्काम पडायचा, म्हणाली. आता एका गायरानावर सौरऊर्जेच्या तावदानांची रांग, एकावर कचरा, एकावर तार. दर वर्षी वाट थोडी लांब होते आणि मेंढरं डांबरावरून चालवावी लागतात.

गाव कुठलं म्हटल्यावर तिने सांगितलं, पुरंदरचं. विमानतळात जाणाऱ्या सात गावांपैकी एक. सासू घरी आहे, म्हणाली, शेरडं बघते. जाणार असलात तर सांगा, कोकरं बरी आहेत म्हणून.

रविवार

भाची शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. रविवारी घरी आली होती, पण तिला मैत्रिणीकडे हडपसरला जायचं होतं. मीही गेले, मगरपट्टा बघायचा होता म्हणून.

मगरपट्ट्याबद्दल मुळशीत दोन मतं आहेत, आणि दोन्ही मगरपट्टा न पाहिलेल्यांची. इथे 1990 च्या दशकात सुमारे चारशे एकरांचे मालक असलेल्या शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी, त्यातली बहुतेक मगर, जमिनी बिल्डरला विकायच्या नाहीत असं ठरवलं. सतीश मगर यांनी पुढाकार घेतला, जमिनी एकत्र केल्या, स्वतःचीच कंपनी काढली, आणि ज्याची जितकी जमीन तितके त्याचे शेअर. 2000 च्या सुमाराला बांधकाम सुरू झालं. ऊस गेला, पण मालकी राहिली. कुटुंबांतले लोक पुढे ठेकेदार झाले, घरं भाड्याने देऊ लागले. आयटीच्या काचेच्या इमारती, मधे मोठी बाग, रस्त्यावर सावली. मला आवडलं. खोटं कशाला बोला?

भाचीला विचारलं, आपल्या गावात जमेल का? ती म्हणाली, "चारशे एकर सलग कुठायत? मधेमधे आधीच विकलंय. आणि मला तिथे गोठा कुठे दाखवशील?" मैत्रिणीने पिझ्झा मागवला होता. विषय तिथेच राहिला.

सोमवार

कोंढव्यावरून बोपदेव घाट चढून सासवडला. गाडीवर मी मागे, दादा पुढे. घाटमाथ्यावरून मागे बघितलं की पुणं जिथपर्यंत नजर जाते तिथपर्यंत पांढुरकं पसरलेलं, पुढे बघितलं की अजून शेतं. सासवडच्या बाजारात सीताफळाचा हंगाम उतरणीला लागला होता, क्रेट निम्मे रिकामे. पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. झाडांवर खट्ट्या बहाराची हिरवी फळं दिसत होती.

पुरंदरच्या विमानतळाची घोषणा 2016 ची. वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव. यातलं खानवडी म्हणजे महात्मा फुल्यांच्या घराण्याचं गाव. मधे जागा बदलायचं चाललं, पुन्हा तीच सात गावं आली. 2025 च्या उन्हाळ्यात ड्रोनने मोजणी करायला यंत्रणा आली तेव्हा लोक आडवे झाले, झटापट झाली, लाठ्या चालल्या. पुढे क्षेत्र निम्म्याहून कमी केलं, विकसित भूखंडाचा दहा टक्के परतावा देऊ केला, संमतीपत्रं भरून घ्यायला सुरुवात झाली. बऱ्याच जणांनी ती भरलीही. लांब बसून त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. नऊ वर्षं ज्या जमिनीवर विहीर खणायची की नाही, डाळिंब लावायचं की नाही, मुलीच्या लग्नाला बँक कर्ज देईल की नाही हेच ठरवता येत नाही, ती जमीन राखायची म्हणजे नक्की काय राखायचं?

धनगरणीच्या सासूचं घर विचारत विचारत सापडलं. म्हातारी ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. कोकरं बरी आहेत हे सांगितलं तर म्हणाली, "किती झाली?" तो आकडा मी विचारलाच नव्हता, दादाने अंदाजाने तीस सांगितला. तिने मान हलवली. एवढी कमी कशी, असं असावं.

घराला दोन एकर आहे, त्याचा कागद आहे, त्याचे पैसे येतील. पण मेंढरं काही त्या दोन एकरांवर जगत नाहीत. ती जगतात माळावर, ओढ्याच्या काठाला, दुसऱ्याच्या बांधाला आणि कापलेल्या रानात. त्याचा सातबारा कुणाकडेच नसतो. संमतीपत्रात त्याला रकाना नाही, म्हणून त्याचा मोबदलाही नाही. मुळशीत कसणारा एक आणि कागदावरचा दुसरा असं झालं होतं. इथे चारणाऱ्याचं नाव कागदावर कधी आलंच नाही.

म्हातारीने निघताना मूठभर शेंगा दिल्या आणि विचारलं, "तुमच्याकडं माळ हाय का गं, सोलापुराकडं?" आहे म्हटलं. "मग सांबाळा," म्हणाली आणि शेंगा फोडायला लागली.

बोपदेवच्या उतारावर दादा बराच वेळ गप्प होता. खाली ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर म्हणाला, "आत्याला दुधातला वाटा महिन्याला पोचतोय गं, मग वाटणी कशाला पायजे तिला?"

मंगळवार

आत्या नऊच्या बसने आली. सत्तरीची बाई, पण बसमधून उतरताना कुणाचा हात घेत नाही. आल्या आल्या गोठ्यात गेली, पंढरपुरीच्या पाठीवर थाप मारली, ती म्हैस जागची हलली नाही. वहिनींना ते फारसं रुचलं नाही.

घरातल्यांची भीती उघड होती. गेल्या महिन्यात एक एजंट आत्याच्या गावी जाऊन आला होता. सात नावांची तटबंदी आहे खरी, पण तिला एक दार आहे. सहहिस्सेदार आपला अविभक्त हिस्सा विकू शकतो. तो विकत घेणारा मग रानात पाय ठेवतो, सरसनिरस वाटपाचा, म्हणजे चांगली-वाईट जमीन तोलून वाटायचा, दावा लावतो, आणि कोर्टाच्या फेऱ्यांना कंटाळून बाकीचे उठतात. दादाने वकिलाला विचारून ठेवलं होतं. बाप मृत्युपत्र न करता गेलेला असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम 22 प्रमाणे बाहेरच्याला विकण्याआधी बाकीच्या वारसांना घ्यायचा पहिला हक्क असतो, आणि तो शेतजमिनीलाही लागू आहे असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलंय. पण पहिला हक्क म्हणजे आधी पैसे हवेत. ते कुठून आणायचे, इथेच रात्रभर गाडं अडलं होतं.

जेवणं झाली. काका सुपारी कातरत बसले. कुणीच विषय काढेना म्हणून आत्यानेच काढला.

"त्यो माणूस आलता माझ्याकडं. टोकन म्हणून पन्नास हजार ठेवत होता टेबलावर. सुनेनं चहा दिला, त्यो पिऊन गेला. पैसं मी उचलून त्याच्या खिशात घातलं."

मावशी पुटपुटली, "चहा द्यायचा न्हवता."

"पण भाऊ," आत्या काकांना म्हणाली, "चाळीस वर्षं झाली. कागदावर माझं नाव हाय म्हंतोस. दुधाचं पैसं देतोस. माझं रान कुठलं ते मला एकदा दाव. इकायचं न्हाय मला. मला माझ्या रानात उभं ऱ्हायचंय."

काका सुपारी कातरायचे थांबले. मग उठून त्यांनी पायताण घातलं. आम्ही सगळेच मागून निघालो, काका, आत्या, दादा, मी आणि कुत्रं. पाणंदीने वर. नेपियरचा पट्टा, मक्याचं रान, भाताचं कापलेलं खाचर. काका प्रत्येक ठिकाणी थांबून म्हणत, हे घे. आत्या प्रत्येक ठिकाणी नाक मुरडून पुढे. दगड फार आहेत, पाणी साचतं, रस्त्याला लागून आहे, नको. विहिरीपाशी आल्यावर थांबली. तिथे जुना रायवळ आंबा आहे आणि अख्ख्या अकरा एकरांतली सगळ्यात चांगली काळी माती आहे. मेथी करायची ती तिथेच.

"हे," आत्या म्हणाली.

"ते न्हाय," काका म्हणाले. "तिथं मका लागतोय औंदा. मुरघास कशाचा करू?"

"मग मक्याचं पैसं दे मला. वेगळं. दुधातलं न्हाय धरायचं."

"बहिणीला कुणी खंड देतं का?"

"बहिणीला साडी देत्यात. मला चार कपाटं भरून साड्या हायत."

दादा माझ्याकडे बघायला लागला, मी आंब्याकडे. दर आणि गुंठे यावर अर्धा तास गेला. शेवटी ठरलं असं, की हिस्सा वेगळा पाडायचा नाही, मोजणी आणायची नाही, सातबारा आहे तसाच राहील. पण विहिरीकडचे तीस गुंठे आत्याचे म्हणून वेगळे धरायचे, तिथे काय लावायचं ते तिला विचारून, आणि त्याचा खंड वर्षाला अक्षय्य तृतीयेला. काकांनी धाकट्या बहिणीला फोन लावून हेच सांगितलं. तिकडून पहिला प्रश्न आला, "आन् माझं कुठलं?"

धनगरांचा वाडा संध्याकाळी वरच्या खाचरात उतरला. तिथवर मी थांबू शकले नाही, साडेतीनची बस गाठायची होती. मावशीने डब्यात खर्वस दिला, वहिनींनी तुपाची बरणी. काका फाट्यापर्यंत सोडायला आले. सोलापूरकडे ज्वारीच्या कडब्याची पेंढी यंदा कितीला आहे, ट्रक भरून मागवला तर भाडं पकडून परवडेल का, हे त्यांनी वाटेत दोनदा विचारलं. आणि बस सुटल्यावर खिडकीशी येऊन पुन्हा एकदा, "उद्या सकाळी फोन कर. बाजार समितीत इचारून. शाळूचाच पायजे, दुसरा नको."